चौथ्या रांगेतलं हसू

"अरे, हँसो ना यार! मय्यत में आए हो क्या?"

माइकवरून आवाज कडाडला तसे चौथ्या रांगेतल्या बायकांनी दात दाखवले. दातच दाखवले, त्याला हसणं म्हणता येणार नाही. स्टेजवर चिटपाखरू नव्हतं. म्हणजे एक माणूस शिडीवर चढून दिवा फिरवत होता, दुसरा उकिडवा बसून जमिनीला चिकटपट्टी लावत होता आणि तिसरा पडद्याआड वडापाव खात होता. यातल्या नक्की कोणाकडे बघून हसायचं, हेच अंजनाला कळेना.

वाहिनीचा वार्षिक पुरस्कार सोहळा होता. सिनेमावाले, सिरियलवाले, गाणारे, नाचणारे सगळे संध्याकाळी येणार होते. पण प्रेक्षकांचं हसणं, टाळ्या वाजवणं, डोळे पुसणं हे सगळं दुपारीच उरकून घेतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. संध्याकाळी कॅमेरे नटनट्यांच्या मागे धावतात, तेव्हा चौथ्या रांगेकडे बघायला वेळ कोणाला असतो? म्हणून आधीच पोतं भरून हसू साठवायचं आणि नंतर लागेल तिथं लागेल तेवढं ओतायचं, असा हा कारभार.

हे पोतं भरणाऱ्या बायका विठ्ठलवाडी डेपोसमोरून बसमध्ये बसून आल्या होत्या. बदलापूरची भावना त्यांना जमवायची. कोणाला सिरियलमधल्या लग्नात बसवायची, कोणाला स्पर्धेच्या कार्यक्रमात, आणि वर्षातून एकदा अशा सोहळ्यात. तिचे नियम ठरलेले होते. साडी भडक हवी, मोबाईल बसमध्येच ठेवायचा, आणि पांढरं अजिबात चालणार नाही, पांढरं कॅमेऱ्याला खुपतं. अंजनानं भावाच्या लग्नातली जांभळी साडी काढली होती.

माइकवाला पोरगेलासा माणूस स्टेजवरून उतरून तिच्यापाशी आला. "ताई, चेहरा एकदम फ्रेश आहे तुमचा. पण हसू कुठाय? काहीतरी आठवा ना. घरातलं आठवा. हसू आवरत नाही असं कोणीतरी असेल की घरात!"

अंजनानं समोर बघितलं. पहिल्या रांगेत मोठ्या लोकांसाठी पांढरे सोफे मांडलेले होते आणि कोणी कुठं बसायचं ते कळावं म्हणून प्रत्येक सोफ्यावर नटनट्यांचे फोटो चिकटवलेले होते. सोफे दिसले आणि तिला तिचा नवरा आठवला. किसन उल्हासनगरात कॅम्प दोनमधल्या एका वर्कशॉपात सोफे बनवायचा. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात तो डबा घरी विसरला म्हणून ती शोधत शोधत गेली, तेव्हा कळलं की तो एका बिल्डिंगमध्ये सोफा पोचवायला गेलाय. ती तिथं गेली. जिना चढून वळणावर आली आणि बघते तर काय, तीन माणसांचा सोफा जिन्यात तिरका अडकलेला. वर जाईना, खाली येईना. खालून ढकलणारे हमाल कंटाळून चहाला गेलेले. आणि वरच्या अंगाला अडकून पडलेला किसन त्या सोफ्यावर पायावर पाय टाकून, गुडघ्यावर रुमाल घालून, सभेच्या अध्यक्षासारखा बसलेला. भाजीच्या पिशव्या घेऊन खोळंबलेल्या प्रत्येक बाईला तो हात जोडून म्हणत होता, "या, बसा. प्रोग्राम चालू व्हायला टाइम आहे." त्यातली एक जाडजूड सिंधी बाई खरंच वर चढून त्याच्याशेजारी बसली आणि पदरानं वारा घ्यायला लागली. अंजना इतकी हसली, इतकी हसली, की तिथंच पायरीवर बसली आणि डबा गडगडत खाली गेला.

तसंच हसू तिला आता आलं. डावा हात तोंडावर गेला आणि उजव्या हातानं ती शेजारच्या हिमानीच्या मांडीवर थापा मारायला लागली. "काय झालं गं?" हिमानी म्हणाली, पण सांगायला अंजनाला श्वास पुरेना. चाकांवरचा कॅमेरा घरंगळत जवळ आला. माइकवाला खूश होऊन ओरडला, "सुपर! ताई, एक और!" आणि दुसऱ्यांदाही तिला काही करावं लागलं नाही.

काही आठवड्यांनी सोहळ्याची जाहिरात सुरू झाली. प्रत्येक सिरियलच्या मध्ये. आधी ढोल वाजायचे, मग झगमगाट, मग चकाकत्या कोटातला सूत्रसंचालक भुवया उडवून म्हणायचा, "नवरा घरात नसला, की बाईचा चेहरा कसा खुलतो बघा!" आणि लगेच पडदा भरून अंजना. जांभळी साडी, तोंडावर हात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारी.

"अगं बाई!" पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती लाटणं हातात घेऊन उभीच राहिली. "हा असलं कधी बोलला? मी ऐकलंपण नाही. हा बोलला असेल तेव्हा आम्ही मागच्या गेटला पुलाव खात होतो."

किसन मात्र टाळ्या पिटत होता. "असं आहे होय? मी कामावर गेलो की चेहरा खुलतो काय तुझा?"

"गप बसा. तुम्हालाच आठवून हसले मी."

"मला?"

"तुम्हाला, आणि तुमच्या सोफ्याला. जिन्यातल्या."

किसनला आधी कळेना. मग कळलं तसा तो असा काही फुशारला की विचारू नका. "म्हणजे आख्खं चॅनेल माझ्या जिवावर चाललंय!" म्हणाला. त्या दिवसापासून त्याला एक छंदच लागला. जाहिरातीचे ढोल वाजले की तो ओरडायचा, "अंजने, ये लवकर, तू आलीस!" आणि अंजना मोरीत असो नाहीतर ओट्यापाशी, तिला स्वतःला बघायला धावत यावं लागायचं. चाळीतल्या बायका चिडवायला लागल्या. पायलनं, त्यांच्या लेकीनं, "मम्मी, माझ्या कॉलेजात सगळ्यांना कळलंय" म्हणत कपाळावर हात मारला. किसन म्हणायचा, "हसतील त्यांचे दात दिसतील. हिचे तर आख्ख्या महाराष्ट्रानं बघितले." सोहळा रविवारी दाखवणार होते. वर्कशॉपातल्या मंडळींना त्यानं आमंत्रणं देऊन टाकली होती, आणि खरवईहून म्हाताऱ्या आईलाही आणायचं ठरवलं होतं.

त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी तो कामावर गेला. सकाळी छातीत जळजळतंय म्हणाला आणि नुकत्याच पुऱ्या झालेल्या, प्लास्टिकही न काढलेल्या एका सोफ्यावर आडवा झाला. मालक मुकेशशेठ स्वतः म्हणाले, "सो जा थोडा, किसन." जेवायच्या वेळी उठवायला गेले तर तो उठला नाही. "हमको लगा, सोया है. सोते आदमी को कौन उठाता है, भाभी?" असं मुकेशशेठ रडत रडत सांगत होते. अंजनानं त्यांना पाणी दिलं. आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं, पण कोणी रडत आलं की पाणी द्यायचं एवढं हाताला माहीत होतं.

त्याच संध्याकाळी त्रिशरण-पंचशील झालं, किसनला नेलं आणि आणून ठेवलेली पांढरी साडी अंजनानं नेसली. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली किसनचा हार घातलेला फोटो आला. पायलनं टीव्हीवर टॉवेल टाकला. घरात दुःख असताना टीव्ही लावत नाहीत, एवढं तिलाही कळत होतं.

पण टॉवेल टाकून आपला टीव्ही झाकता येतो, चाळीचा नाही. भिंती एका विटेच्या. सात वाजले की एकेका खोलीतून सिरियल सुरू व्हायची आणि सिरियल म्हटली की जाहिरात आलीच. ढोल. मग तो भुवयावाला. "नवरा घरात नसला, की..." आणि मग हसण्याचा खळखळाट. तो तिच्या एकटीचा नव्हता, त्यात पोतंभर लोकांचं हसू ओतलेलं होतं. तरी तो आपल्याच तोंडातून निघतोय असं अंजनाला वाटायचं. समोर सांत्वनाला आलेली माणसं बसलेली असायची, ती खाली बघायची. कोणीतरी घसा खाकरायचं. आणि भिंतीपलीकडचं हसू संपेपर्यंत सगळे एकदम किसनच्या फोटोकडे बघत बसायचे.

अंबरनाथहून किसनचे एक लांबचे काका आले होते. चांगले होते बिचारे. अंजनाकडे बघून म्हणाले, "सूनबाई, तुला अलीकडेच कुठंतरी बघितल्यासारखं..." आणि मधेच लक्षात आल्यामुळे त्यांनी जीभ चावली आणि घरी जाईपर्यंत त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही.

पायल शेजारीपाजारी जाऊन सांगून आली. एक संध्याकाळ सगळ्यांनी आवाज बारीक केला. पण कान देऊन देऊन सिरियल किती दिवस बघायची? दुसऱ्या संध्याकाळी आवाज हळूहळू मूळ जागी आला. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

किसनची मोठी बहीण तुळशी आणि त्याची म्हातारी आई दोघी खरवईहून येऊन राहिल्या होत्या. म्हातारी कोपऱ्यात भिंतीला टेकून फोटोकडे बघत बसायची. रडायची नाही, बोलायची नाही. तुळशी मात्र सगळं बघायची, आल्यागेल्याला धरून रडायची, आणि चहा करायला शेजारी कुंदावहिनींच्या खोलीत जायची, कारण घरात चूल पेटवायची नव्हती. बुधवारी ती तिथून कपांचा ट्रे घेऊन आली ती दारातच थांबली.

"ती तूच ना गो?" तिनं अंजनाला विचारलं.

"कोण, ताई?"

"टीव्हीत. नवरा घरात नसला की चेहरा खुलतो, ती."

पायल पुढं झाली. "आत्या, ते आधीचं आहे गं. रेकॉर्डेड. पप्पांनीपण बघितलंय. पप्पाच सगळ्यांना दाखवत होते."

"मला काय येडी समजतेस?" तुळशीचा आवाज चढला, मग कोपऱ्यातल्या म्हातारीकडे बघून एकदम उतरला. "आधीचा हाय ते मलाबी कळतंय. पण दिसतंय आत्ता ना? लोकं आत्ता बघतात ना? काल माजा भाऊ गेला. काल! आणि घराघरात त्याची बायको दात काढून हसतेय. कोणाकोणाला जाऊन सांगशील, आधीचा हाय म्हणून?"

अंजनाला वाईट याचं वाटत होतं की तुळशीताईचं बरोबर होतं. "ताई, मी ते त्यांनाच आठवून..." एवढं तिच्या ओठांवर आलं होतं. पण पांढरी साडी नेसून, हार घातलेल्या फोटोसमोर बसून, जिन्यात अडकलेल्या सोफ्याची गंमत माणसानं सांगायची कशी?

"आईला दिसता कामा नये," तुळशी ट्रे ठेवत म्हणाली. "तिचा एकुलता एक पोरगा हाय. होता. तिनं जर ते बघितलं ना, तर मी तुझ्या दारात पाय ठेवायची नाय. रविवारी पुण्यानुमोदन झाला, की मी तिला घेऊन चालली."

पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची वंदना आणि जेवण, रविवारी ठेवलं होतं, कारण रविवारी पाहुण्यांना सुट्टी असते. सोहळाही रविवारीच होता, कारण रविवारी माणसं घरात असतात. रविवार सगळ्यांच्याच सोयीचा.

गुरुवारी भावना भेटायला आली. साधी साडी, केस बांधलेले, डोळे ओले. बसली, अंजनाचा हात धरला, निघाली. अंजना तिच्या मागोमाग दाराबाहेर गेली आणि गॅलरीतल्या नळापाशी तिनं तिला गाठलं.

"भावनाताई, ते काढायला सांगा ना."

"काय गं?"

"माझं हसणं. रविवारी तेवढं कापा म्हणावं. नाहीतर दुसऱ्या कोणाचं लावा. हिमानीपण हसत होती की माझ्या बाजूला. तिचं लावा."

भावनानं दीर्घ श्वास घेतला. "अंजना, मला सुपरवायझर सांगतो, अमुक बायका पाहिजेत. त्याला प्रॉडक्शनवाला सांगतो. त्याला कोण सांगतं ते मला माहीत नाही. चॅनेलचं ऑफिस मी बाहेरूनसुद्धा बघितलेलं नाही गं."

"पण सांगून तर बघा. माणूस गेलाय म्हणावं घरात."

भावनानं तिथंच फोन काढला आणि अंजनाच्या देखत सगळं लिहिलं. व्यवस्थित लिहिलं. अंजना, चौथी रांग, जांभळी साडी, पती वारले, कृपया. दोघी नळापाशी उभ्या राहिल्या. बादली भरून वाहायला लागली तरी कोणी नळ बंद केला नाही. मग फोन टुणकन वाजला. भावनानं बघितलं आणि फोन अंजनापुढं धरला. एक अंगठा आला होता, वर केलेला.

"म्हणजे काढणार?" अंजनानं विचारलं.

"म्हणजे वाचलं त्यानं," भावना म्हणाली.

जाता जाता ती जिन्यापाशी थांबली. आत्ता बोलावं की नाही, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. "आणि हे बघ, आत्ता घाई नाही, पण तुला सांगून ठेवते. काही महिने तुला कुठल्या शोला बसवता येणार नाही. चेहरा जाहिरातीत आला ना, की लोकांच्या लक्षात राहतो. मग दुसरे चॅनेलवाले नको म्हणतात."

मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, असं म्हणतात. इथं तर तोंड अंजनाचं स्वतःचंच होतं, आणि तेही तिला धरता येत नव्हतं.

शुक्रवार गेला, शनिवार उजाडला. जाहिरातीत आता 'उद्या' असा शब्द आला. अंजनानं एकदा मोरीचं दार लावून आरशात बघितलं आणि तो सोफा आठवायचा प्रयत्न केला. किसन दिसला, रुमाल दिसला, सिंधी बाई दिसली. पण त्याच्या जोडीला ढोल वाजायला लागले आणि भुवया उडवणारा तो माणूस मध्ये येऊन उभा राहिला. तिच्या संसारातली ती एक गोष्ट होती, कोणाला न सांगितलेली, दोघांचीच. त्यातला एक गेला होता, आणि दुसरीच्या डोक्यात आता वाहिनीचा माणूस शिरला होता. ती नळ सोडून पुष्कळ वेळ रडली.

रविवारी सकाळी बौद्धाचार्य आले, मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, किसनबद्दल चार माणसं चार शब्द बोलली. मुकेशशेठही उभे राहिले आणि "अपना किसन, जेंटलमन आदमी" एवढं बोलून खाली बसले. जेवणं झाली. दुपारनंतर पाहुणे पांगले. तुळशीनं पिशवी भरून दाराशी ठेवली होती, पण रिक्षा सांगायला गेलेला तिचा नवरा परत येईना. दिवेलागण झाली. भिंतीपलीकडे ढोल वाजले. सोहळा सुरू झाला होता.

एका खोलीत, मग दुसऱ्या, मग वरच्या मजल्यावर. सगळी चाळ एकच कार्यक्रम बघत होती. त्यात किसनच्या घरची बाई दिसणार होती, मग कोण सोडणार? पायल उठून दार लावायला लागली, तोच कोपऱ्यातून आवाज आला.

"लाव ती टीव्ही."

म्हातारी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलली होती.

"आये, आज नको," तुळशी म्हणाली. "आज बरा दिसत नाय ते."

"सगळी मला बघून गप होतात. चार दिस बघतेय मी. ढोल वाजला की हिच्याकडं बघतात नि मंग माज्याकडं बघतात. काय हाय ते मला बघू दे." आणि पायलकडे हात करून म्हणाली, "काढ गो ते फडका."

पायलनं आईकडे बघितलं. अंजनानं मान हलवली. नाही म्हणायला तिच्यात बळच उरलं नव्हतं.

टॉवेल निघाला. झगमगाट खोलीभर पसरला आणि किसनच्या फोटोच्या काचेवर निळा-लाल होऊन नाचायला लागला. एक नटी आली, बक्षीस घेऊन आईवडिलांचे आभार मानून गेली. एक म्हातारा नट आला, त्याला सगळे उठून उभे राहिले. पांढऱ्या सोफ्यांवर आता फोटोंऐवजी खरी माणसं बसली होती. अंजना मनातल्या मनात म्हणत होती, कापलं असेल. अंगठा आला होता. कापलं असेल.

चकाकत्या कोटातला तो पुढं आला. "नवरा घरात नसला..."

कापलं नव्हतं. उलट जाहिरातीत दोन क्षण होतं ते इथं चांगलं लांबलचक होतं. अंजना हसली, तोंडावर हात गेला, हिमानीच्या मांडीवर थापा पडल्या, पुन्हा मान वर झाली, पुन्हा हसू फुटलं. पायलनं रिमोट शोधला, तो सापडेना. पडद्यावरची जांभळी बाई हसत होती आणि समोर जमिनीवर पांढरी बाई बसलेली होती. मग दुसरं कोणीतरी बक्षीस घ्यायला निघालं आणि पायलनं बटणच बंद केलं.

तुळशीनं तोंडाला पदर लावला.

म्हातारी मात्र बंद टीव्हीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कशाला हसलीस गो एवढी?"

आवाजात राग नव्हता. विचारायचं म्हणून विचारलं होतं. अंजनानं सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. स्टेजवर कोणी नव्हतं ते, त्या माणसाचं बोलणं आपल्या कानावरही पडलं नव्हतं ते. मग सोफा, जिना, चहाला गेलेले हमाल, गुडघ्यावरचा रुमाल. "'या, बसा,' म्हणायचे. 'प्रोग्राम चालू व्हायला टाइम आहे.'" किसननं सांगितली असती तर इथं हमखास हशा पिकला असता. आता कोणीच हसलं नाही. सिंधी बाई शेजारी येऊन बसली, हे सांगताना तर अंजनाला वाटलं, आपण कोणा भलत्याच माणसाची गोष्ट सांगतोय आणि तीही धड सांगता येत नाहीये.

"वा!" तुळशी म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "आता मेलेल्या माणसावर ढकल. तो काय येतोय सांगायला, खरा का खोटा ते."

अंजनाचे हात मांडीवर पडून राहिले. खरंच होतं. तो काही येणार नव्हता. तिची बाजू सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याच्याच फोटोसमोर ती बसली होती. आता यापुढं खरवईत, अंबरनाथमध्ये, लग्नांत, बारशांत तिला कोणी समोर काही बोलणार नव्हतं. नुसते बघणार होते, आणि ती काहीही करू शकणार नव्हती.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. तुळशी उठली, पिशवी उचलली. "चल, आये."

म्हातारी उठली नाही. ती जमिनीवर हात टेकत टेकत अंजनाच्या जवळ सरकली. या बाईची बाजू खरी की खोटी, याच्याशी तिला काही देणंघेणं असावं असं दिसत नव्हतं. किसनची लहानपणापासूनची एकेक गोष्ट तिला पाठ होती. ही तिनं ऐकलेली नव्हती.

"मंग?" ती म्हणाली.

"मग काय, आई?"

"तो वरच्या अंगाला, नि सोफा मधी. मंग माजा किसन खाली कसा आला?"

अंजनानं तिच्याकडे बघितलं. हे पुढचं तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं. कॅमेऱ्यासमोर बसली तेव्हा तिला स्वतःलाही एवढ्या पुढचं आठवावं लागलं नव्हतं.

"सोफ्याच्या कडेवर पाय ठेवून उतरले," ती म्हणाली. "पाय सटकत होता. म्हणून मी खालून हात दिला."

"तू दिलास?"

"हो. लोक होते सगळे. लाज वाटत होती मला. पण दिला. तो धरून आले."

"खाली आला?"

"आले, आई."

म्हातारीनं मान डोलावली. "बरा केलास," ती म्हणाली, आणि अंजनाचा उजवा हात आपल्या हातात घेऊन तो उलटासुलटा करून बघत बसली. दारात तुळशी पिशवी घेऊन उभी होती. खाली रिक्षावाला पुन्हा हॉर्न देत होता.

भिंतीपलीकडून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. कोणालातरी मोठं बक्षीस मिळालं असावं. त्या टाळ्यांत दुपारच्या वेळी, रिकाम्या स्टेजकडे बघून वाजवलेल्या अंजनाच्याही टाळ्या होत्या. पुष्कळ वेळ त्या वाजत राहिल्या.